गॅलरीतली रेसिंग सायकल

१० एप्रिल १९८६, गुढीपाडवा. सकाळी ९.
नवं वर्ष, नवी वही, नवी सायकल. सायकल तशी वापरलेली आहे, पण इंपोर्टेड. माझ्या बायकोचा, जानकीचा भाऊ सहदेव बोटीवर असतो. त्याने ती तिकडून आणली, दोनदा चालवली, कंटाळला आणि काल आम्हाला देऊन टाकून परत बोटीवर गेला. खाली वळलेलं हँडल, दहा गिअर, बोटाएवढे टायर. मुलुंडमध्ये अशी दुसरी नसावी.

संकल्प: दसऱ्याला आमच्या क्रीडा मंडळाची सायकल शर्यत असते. मुलुंड ते पवई तलाव आणि परत. गेल्या वर्षी मी नुसत्या टाळ्या वाजवल्या. या वर्षी उतरायचं. उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून पवईला जाऊन यायचं. सहा महिने हातात आहेत. भरपूर झाले.

गॅलरीचा प्रश्न निघाला. आमचं घर म्हणजे खोली, किचन आणि सहा बाय तीनची गॅलरी. जानकी शिवणाचा क्लास पास झाली आहे आणि तिला गॅलरीत शिलाई मशीन ठेवून ब्लाउज शिवायचे आहेत. माझी सायकल ठेवायलाही दुसरी जागा नाही. शेवटी करार केला. दसऱ्यापर्यंत गॅलरी सायकलची. शर्यतीत पहिल्या दहात आलो तर कायमची सायकलची. नाही आलो तर सायकल बाहेर, मशीन आत. मी कंपनीत ट्रेसर आहे, म्हणून करार ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईत काढला. दोघांनी सह्या केल्या. आई साक्षीदार व्हायला तयार नाही. हात श्रीखंडाचे आहेत म्हणाली.

११ एप्रिल. पहाटे ५.
उठलो. निघण्याआधी मागचं चाक सहज फिरवून पाहिलं. डावीकडे दोन मिलिमीटर जातंय. याला सायकलवाले ‘आउट’ म्हणतात. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी दिवसभर अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा मारतो, मला दिसतं. असल्या चाकावर पवईला जाणं हा सायकलचा अपमान आहे. आधी आउट काढायचा, मग प्रॅक्टिस.
५.२०: परत झोपलो.

१२ एप्रिल.
नाक्यावर काशीरामचं दुकान आहे. सायकली तासावर भाड्याने देतो, पंक्चर काढतो. त्याला चाक दाखवलं. ठेवून जा, दहा मिनिटांत सरळ करून देतो म्हणाला. दहा मिनिटांत जे होतं त्याला प्रिसिजन म्हणत नाहीत. त्याच्याकडून फक्त स्पोक आवळायची चावी घेतली. बारीकशी, चपटी, फार छान वस्तू आहे. खिशात ठेवली की आपण कुणीतरी आहोत असं वाटतं.

१३ एप्रिल, रविवार.
स. ८: डावीकडचा आउट गेला. सोपं आहे.
स. ११: आता उजवीकडे चार मिलिमीटर.
दु. १: उजवीकडचाही गेला. चाक वरखाली होतंय.
दु. ३: जेवण गार झालं. काशीरामशी सहज चर्चा केली. तो म्हणतो, एक बाजू आवळायची तर समोरची आधी सैल करायची, तेही एका वेळी पाव फेरा. आणि मुख्य म्हणजे घाई करायची नाही. या लोकांकडे थिअरी नसते, नुसती सवय असते.
सायं. ६: टण्. एक स्पोक तुटला. आईने आतून विचारलं काय मोडलं. काही नाही म्हटलं, जुनाच होता.

२७ एप्रिल.
जुन्या चाकात राम नाही. पूर्ण अपग्रेड करायचं ठरवलं. शहरात जाऊन इंपोर्टेड अलॉय रिम आणली. दोन बोटांवर उचलता येते. दुकानदार म्हणाला, विमानं बनवतात तोच हा धातू. घरी सगळ्यांना सांगितलं. दोन मजले खालीही सांगितलं. लोखंड याच्यापुढे काही नाही. जानकीने रिम हातात घेतली, नखाने वाजवली आणि पोळीच्या डब्याच्या झाकणासारखी आहे म्हणाली. अशा गोष्टी कळायला थोडं वाचन लागतं.
प्रॅक्टिस: नवं चाक झालं की.

४ मे, रविवार.
रिमला साजेसा नवा हबही आणला. हब म्हणजे चाकाचा मधला भाग, स्पोक त्यातूनच निघतात. हब देशी घेतला, मजबुतीसाठी. बसण्याआधी रिमची भोकं तीनदा मोजली. छत्तीस. तिन्ही वेळा छत्तीस. मग सकाळपासून स्पोक ओवत बसलो. दुपारी दोनला रिम भरली आणि हबची चार भोकं रिकामी राहिली. हब चाळीसचा होता.

थोडा वेळ विचार केला. चार स्पोक कमी म्हणजे तेवढं वजन कमी, शर्यतीला उलट बरं. चाक उभं करून लांबून पाहिलं. चार ठिकाणी दात पडल्यासारखं दिसत होतं. काशीरामला दाखवलं. तो हसला नाही. देशी मागचा हब चाळीसचाच येतो, तुम्हाला माहीत असेल वाटलं, एवढंच म्हणाला. अर्थात माहीत होतं. हब बदलून आणला. याला ट्रायल म्हणतात.

१८ मे, रविवार.
हबमध्ये अठरा छर्रे असतात. त्यांना चिकटलेली कारखान्याची घाण काढायला रॉकेलमध्ये धुतले. गाळायला चहाची गाळणी घेतली, घरात तेवढं बारीक दुसरं काही नव्हतं. मोजले तर अकरा. उरलेले सात गॅलरीतून खाली गेले होते. तळमजल्याच्या द्रौपदीबाईंनी अंगणात सांडगे वाळत घातले होते. त्यांनी दुपारी चार छर्रे वाटीत घालून परत पाठवले. बाई चांगल्या आहेत. रागावल्या असतील तरी दाखवत नाहीत.

जानकी दुपारी दोन ते चार त्यांच्याच मशीनवर शिवायला जाते. आज सांगत होती, दिवाळीत त्यांच्या मुलाचं लग्न आहे, सून शिवणारी आहे, मग मशीन मोकळं मिळणार नाही. एवढं सांगून ती गॅलरीकडे बघत राहिली. मी म्हटलं, दसरा येऊ दे.

१९ मे.
चहाला रॉकेलचा वास. आईला म्हटलं, दूधवाला बदलायला हवा.

८ जून.
पँटी आटल्या आहेत. जानकीने दोन पँटी कमरेला सैल करून आणल्या, पाडव्यापासून दुसऱ्यांदा. कपड्याला पूर्वीची क्वालिटी राहिली नाही.

चाक: आउट दीड मिलिमीटर. प्रगती आहे. गॅलरीच्या फरशीवर खडूने वर्तुळ काढलं आहे, त्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. आईला कपडे वाळत घालायला वाकून, भिंतीला धरून जावं लागतं. आज जाता जाता म्हणाली, नाचूक येयना, आंगण वाकडां. मी अजून नाचायलाच सुरुवात केलेली नाही, त्यामुळे ते मला लागू होत नाही.

२० जुलै, रविवार.
पाऊस. पवई रद्द. गेले तीन आठवडे पवई रद्दच आहे. अलॉय ओला करण्यात अर्थ नाही.

आज गिअर उघडले. मागच्या गिअरमध्ये एक स्प्रिंग असते. ती दिसायला शांत असते. दु. १२ला सुटली, माझ्या कानाजवळून गेली, देवघरात मिळाली. आईने आधी देवांची क्षमा मागितली, मग माझ्याकडे बघितलं. बसवताना दहा गिअरपैकी चार लागेनात. मुलुंड ते पवई सहा गिअर पुरे आहेत. बाकीचे उगाच वजन.

१७ ऑगस्ट, रविवार.
वजन हाच खरा शत्रू आहे. मडगार्ड काढली. स्टँड काढला. घंटी काढली. कंपनीतल्या ड्रिलवर ब्रेकच्या दांड्यांना बारीक भोकं पाडून आणली. साहेबांनी विचारलं हे कुठल्या ड्रॉइंगमध्ये आहे. म्हटलं, एक्स्पेरिमेंट. मग रद्दीवाल्याच्या काट्यावर सायकल टाकली. सातशे ग्रॅम वाचले. रद्दीवाला म्हणाला, वाचवायचंच तर तुम्ही स्वतः काट्यावर उभे राहा. त्याच्याशी वाद घालत बसलो नाही.

स्टँड नसल्यामुळे सायकल आता भिंतीला टेकवावी लागते. भिंतीवर काळा पट्टा उमटला आहे. जानकीने तिथेच खिळा ठोकून मशीनसाठी कात्री टांगायची ठरवलं होतं म्हणे. फार आधीपासून ठरवते ती.

३१ ऑगस्ट.
मंडळाचा सेक्रेटरी माणिक नावं घ्यायला आला होता. आमच्या गॅलरीत उभा राहून त्याने सायकल दोन मिनिटं पाहिली. झकास आहे यार म्हणाला. मग विचारलं, पवईला किती वेळ लागतो हिच्यावर. मी म्हटलं ते दसऱ्याला कळेलच. त्याने ते माझा आत्मविश्वास म्हणून घेतलं. मीही तसंच घेतलं.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी १०.४०.
आउट शून्य.

पुन्हा लिहितो. आउट शून्य. ब्रेकच्या रबराला पोस्टकार्ड लावून चाक फिरवलं, कुठेही घासलं नाही. सहा महिन्यांची मेहनत. आईला बोलावलं, जानकीला बोलावलं, द्रौपदीबाईही वर आल्या. चाक फिरत राहिलं, आम्ही सगळे बघत राहिलो. जानकी म्हणाली, खरंच छान फिरतंय. मनापासून म्हणाली. मला फार आनंद झाला. तिला म्हटलं, तुझंही मशीन कुठेतरी बसवू आपण. कुठे, असं तिने विचारलं नाही. मीही जास्त खोलात गेलो नाही.

आईने विचारलं, चालवून बघितलीस? तिला समजावलं. रस्त्यावर खड्डे आहेत. एका खड्ड्यात सहा महिने जातील. सायकल आता थेट दसऱ्यालाच उतरवायची. माझे पाय तयार आहेतच, मी रोज तीन जिने चढतो.

१२ ऑक्टोबर. खंडेनवमी.
हत्यारांची पूजा केली. पाटावर स्पोकची चावी, दोन पाने, तेलाची कुपी. शेजारी जानकीने तिची कात्री, टेप आणि बॉबिन ठेवली. मशीन नाही तर बॉबिन कशाला, असं मनात आलं, पण सणाच्या दिवशी बोललो नाही. उद्या पहिल्या दहात येणार याबद्दल शंका नाही. पाचात आलो तर काय, याचाही विचार करून ठेवला आहे. बक्षीस म्हणून मंडळ घड्याळ देतं. ते किचनमध्ये लावू.

१३ ऑक्टोबर. दसरा. पहाटे ५.३०.
तयार. सायकलला झेंडूचा हार. आई नारळ घेऊन खाली येणार आहे. शर्यत सातला.

त्याच दिवशी, दुपारी २.
जसं घडलं तसं लिहितो.

सव्वासहाला सायकल खांद्यावर घेऊन खाली उतरलो. बिल्डिंगमधले दहाबारा जण जमले होते. आईने हळद-कुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि नारळ माझ्या हातात दिला. कंपाउंडला गेल्या महिन्यात सिमेंट केलं, तेव्हा दगड होते ते सगळे उचलून नेले. आई इकडेतिकडे बघून म्हणाली, नारळ खंय फोडूचो? कुणीतरी पायरी सुचवली. पायरीवर आदल्या दिवशीच रंग दिलेला. गेले सहा महिने मी या लोकांना विमानाचा धातू सांगत होतो. ते सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, पायरी कशाला, रिम आहे की.

जानकी म्हणाली, अहो, नको. माझ्यावर विश्वास नाही असं तिला म्हणणार होतो, पण मुहूर्त जात होता. नारळ रिमवर मारला. फुटला नाही. हळू लागला असेल म्हणून दुसऱ्यांदा जोरात मारला.

आईने नारळ माझ्या हातातून घेतला, कानाजवळ हलवून बघितला आणि म्हणाली,
“नारळ फुटाक नाय. चाक मातर वाकलां.”

रिमला दोन ठिकाणी वाटीएवढा खळगा. चाक फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात ब्रेकला अडकून थांबलं. पोस्टकार्ड लावायची गरज नव्हती.

साडेसहा झाले होते. काशीरामकडे धावत गेलो. त्याच्या भाड्याच्या सायकली दुकानापुढे हार घालून ओळीत उभ्या होत्या. त्याने नऊ नंबरची काढून दिली. काळी, जड, घंटी, कॅरियर, स्टँड, चेनवर पत्र्याचं कव्हर. वर हारही तसाच ठेवला.

शर्यत चांगली झाली. भांडुपपर्यंत मी सगळ्यांच्या नजरेच्या टप्प्यात होतो. कांजूरमार्गला दम खाल्ला, नाहीतर सायकल तापली असती. पवईच्या चढावर खाली उतरून थोडं हातात धरून नेली. तलावापाशी माणिकचा माणूस खूण म्हणून मनगटावर शाईचा शिक्का मारत होता, तो पेटी बंद करून निघालाच होता. त्याला हाक मारून शिक्का मारून घेतला. परत आलो तेव्हा मंडप अर्धा उतरवला होता. एकूण अकरा जण होते. एकाची चेन तुटली आणि तो तिकडूनच मामाकडे जेवायला गेला. म्हणजे मी दहावा. माणिकने वहीत लिहिलं: १०. श्यामकांत परब.

पहिल्या दहात.

करार काढून जानकीपुढे ठेवला. तिने नीट वाचला. सगळा वाचून झाल्यावर घडी घालून परत दिला.
“शब्द म्हणजे शब्द,” ती म्हणाली. “गॅलरी तुमची. फक्त एक सांगते. शर्यतीची सायकल तासावर भाड्याने मिळते. मशीन कोण देतंय?”
मग श्रीखंड वाढलं. पुरी फुगलेली होती. मी दोनच खाल्ल्या.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.
संध्याकाळी कामावरून आलो तर जानकी किचनच्या फरशीवर बसून ब्लाउजला हातशिलाई घालत होती. दोन बायकांची कापडं तिने परत केली. दिवाळीनंतर मशीन मिळणार नाही, उगाच त्यांना लटकवून ठेवायला नको म्हणाली. मी गॅलरीत जाऊन बसलो. वाकलेलं चाक, स्पोकची चावी, खडूचं वर्तुळ. चाक फिरवून पाहिलं, अडकलं.

ही वही दुसरं कुणी वाचत नाही म्हणून लिहितो. मला वाईट वाटलं. चाकाचं नाही. पाडव्याला मी करार काढला तेव्हा तिने पेन हातात घेण्याआधी विचारलं होतं, तुम्ही खरंच रोज जाणार ना पवईला? मी हो म्हटलं होतं. तिने तेवढ्यावर सही केली. मी एकदाही गेलो नाही.

१५ ऑक्टोबर.
गॅलरीतली हवा दमट आहे, अलॉयला बाधते, सायकल तिथे ठेवणं योग्य नाही, असं जेवताना जाहीर केलं. टेक्निकल निर्णय. आईने आमटी वाढता वाढता जानकीकडे पाहिलं. जानकी खाली मान घालून भात कालवत होती. कितीतरी वेळ कालवत होती.

१८ ऑक्टोबर.
सायकल काशीरामला दिली. रिम कशी वाकली ते त्याने विचारलं नाही, म्हणजे नाक्यावर सगळ्यांना माहीत आहे. तो हिला लोखंडी रिमा आणि मागे कॅरियर लावून भाड्याने देणार. उरलेले गिअरही काढून टाकणार. म्हटलं, अलॉयचा विचार कर. तो म्हणाला, साहेब, गिऱ्हाईक चालवतं, मोजत नाही.

२२ ऑक्टोबर.
मशीन आलं. जानकीच्या भिशीचा नंबर लागला होता. हातगाडीवरून दारापर्यंत आणि तिथून तीन जिने मी आणि दोन हमाल. तिसऱ्या जिन्यावर हमालांनी मला बाजूला व्हायला सांगितलं. गॅलरीत बरोबर बसलं. उजेडही डावीकडून येतो. जानकी संध्याकाळी पाचला बसली ती जेवायला उठेना. आईने ताट तिथेच नेऊन दिलं. मी खडूचं वर्तुळ ओल्या फडक्याने पुसायला घेतलं, तर ती म्हणाली राहू द्या, पाय चालवायला अंदाज येतो. हे म्हणताना हसत होती. घरात बरेच दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

२६ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ८.
नवा संकल्प: दर रविवारी आपलीच सायकल भाड्याने घेऊन पवई. अंगात स्वेटर, खिशात रुमाल. सातला काशीरामकडे पोचलो. तो म्हणाला ती नाही, बेकरीवाला पहाटेच घेऊन गेला. रोज नेतो. येईल इतक्यात, बसा.

पायरीवर बसलो. दहा मिनिटांनी भांडुपच्या बाजूने आली. मागे कॅरियरवर पावाच्या लाद्यांची पाटी, ही एवढी उंच. वर जाडजूड माणूस, लुंगी खोचलेली, हँडल एका हाताने धरलेलं, दुसऱ्या हाताने पाटी. स्टॉपवरून सुटलेल्या बसला त्याने रमतगमत मागे टाकलं आणि न थांबता नाक्यावर वळला. दोन्ही चाकं सरळ होती. काशीराम म्हणाला तिला अजून दोन फेऱ्या आहेत, तोवर नऊ नंबर देऊ का. मी सायकल वळणाआड जाईपर्यंत बघत होतो.

सहा महिने माझ्या गॅलरीत होती. ती इतकी पळते हे मला माहीत नव्हतं.